फुप्फुसातील धूळ आणि रक्तातील चाहूल

ॲस्बेस्टॉसचा तंतू माणसाच्या फुप्फुसात शिरतो त्या दिवशी काहीच घडत नाही. खोकला येत नाही, ताप चढत नाही. कामावरून परतलेला माणूस नेहमीसारखा जेवतो आणि झोपी जातो. वर्षामागून वर्षे जातात. तो ती नोकरी सोडतो, गाव सोडतो, कित्येकदा त्या कारखान्याचे नावही विसरतो. तंतू मात्र जेथल्या तेथे असतो. वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनंतर छातीत दुखू लागते, चार पायऱ्या चढताना धाप लागते, आणि त्या वेळी डॉक्टरांना जे दिसते ते बहुधा फार उशिरा दिसलेले असते. धुळीपासून होणाऱ्या व्यवसायजन्य विकारांतील सारी अडचण ह्या दीर्घ मधल्या काळात साठलेली आहे. रोग प्रकट होण्यापूर्वी, ह्याच मधल्या काळात, त्याची चाहूल रक्तात लागू शकेल काय, असा प्रश्न गेली तीन-चार दशके शास्त्रज्ञ विचारीत आले आहेत. त्यांना मिळालेली उत्तरे आशा वाढविणारी आहेत, तशीच सावध करणारीही आहेत.

फुप्फुसांना बाधणारी धूळ अनेक प्रकारची असली, तरी कर्करोगाच्या संदर्भात दोन धुळींचा विचार मुख्यत्वे करावा लागतो. एक गारगोटीची, म्हणजे सिलिका नावाच्या द्रव्याची. खाणीत सुरुंग लावताना, दगड फोडताना, पाट्या घासताना, ओतीव कामाचे साचे साफ करताना ती उडते. दुसरी ॲस्बेस्टॉसची. हे खनिज कापसासारखे पिंजता येते, त्याचे सूत काढता येते आणि ते आगीत जळत नाही. म्हणून बाष्पकांच्या वेष्टनापासून घरांच्या पत्र्यांपर्यंत सर्वत्र त्याचा उपयोग झाला. ह्या दोन्ही धुळींचे सूक्ष्म कण फुप्फुसाच्या अगदी तळाशी, जेथे हवा आणि रक्त यांची भेट होते त्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शरीरातील भक्षक पेशी त्यांना गिळतात. परंतु ते त्यांना पचत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. ह्या न संपणाऱ्या झगड्यात फुप्फुसाचा मऊ, लवचिक भाग हळूहळू वणांनी भरून जातो. सिलिकेमुळे होणाऱ्या ह्या विकाराला सिलिकोसिस आणि ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या विकाराला ॲस्बेस्टोसिस असे म्हणतात.

वण पडणे हा ह्या कथेचा पूर्वार्ध झाला. १९५५ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल यांनी ॲस्बेस्टॉसचे कापड विणणाऱ्या एका कारखान्यातील मृत्यूंचा हिशेब मांडला. वीस वर्षे वा त्याहून अधिक काळ त्या धुळीत काम केलेल्या पुरुषांना फुप्फुसाचा कर्करोग होण्याचा संभव इतरांच्या मानाने सुमारे दसपट असल्याचे त्यांना आढळले. १९६० साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. ह्या रुग्णांना फुप्फुसाच्या आवरणाचा, एरवी अत्यंत विरळा असा कर्करोग झालेला होता, आणि त्यांतील बहुतेक सर्वांचा निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलुखाशी कधी ना कधी संबंध आलेला होता. ह्या कर्करोगाला मेसोथेलिओमा म्हणतात. सिलिकेच्या बाबतीत मतभेद अधिक काळ चालू राहिले. पण १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कामाच्या ठिकाणी श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या स्फटिकमय सिलिकेला माणसात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले.

मधला काळ किती लांबू शकतो, ह्याचे एक ठळक उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटनूम हे आहे. तेथे निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण १९४३ ते १९६६ पर्यंत मोठ्या प्रमाणावर चालली. सुमारे सात हजार माणसांनी तेथे काम केले, आणि त्यांतील कित्येकांचे काम काही महिन्यांपलीकडे टिकले नाही. खाण बंद झाली, माणसे पांगली. रोगाची खरी लाट मात्र त्यानंतरच्या दशकांत आली. खाणीत कधीही न उतरलेल्या, पण तेथील वस्तीत राहिलेल्या स्त्रिया आणि लहानपण तेथे घालविलेली मुले हीही त्या लाटेत सापडली. २००७ साली सरकारने त्या गावाचे नावच अधिकृत नोंदींतून काढून टाकले.

तथापि, धुळीत काम केलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतो असे नाही. बहुसंख्यांना तो होत नाही. कोणाला होण्याचा संभव अधिक, हे काही अंशी सांगता येते. अमेरिका व कॅनडा येथील उष्णतारोधक वेष्टनाचे काम करणाऱ्या हजारो कामगारांच्या पाहणीवरून सेलिकॉफ आणि त्यांचे सहकारी यांनी १९७९ साली जे आकडे दिले ते प्रसिद्ध आहेत. धूम्रपान न करणाऱ्या व धुळीचा संबंध न आलेल्या माणसाचा फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका १ धरला, तर केवळ ॲस्बेस्टॉसचा संबंध आलेल्याचा ५, केवळ धूम्रपान करणाऱ्याचा ११, आणि दोन्ही गोष्टी एकत्र आलेल्याचा ५३ एवढा होता. असे आकडे समूहाबद्दल पुष्कळ सांगतात. पण समोर बसलेला एक कामगार त्या समूहातील कोणत्या बाजूला आहे, हे त्यांवरून कळत नाही. क्ष-किरणांच्या चित्रात वण दिसतात. त्या वणांच्या गर्दीत नुकतीच वाढू लागलेली एखादी गाठ सहसा दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष रक्ताकडे वळले.

रक्ताकडे वळण्याचे कारण साधे आहे. शरीरातील प्रत्येक अवयवाला रक्त भेट देऊन येते आणि त्या त्या ठिकाणचे काही ना काही बरोबर आणते. रक्त गोठू दिले, म्हणजे गुठळीच्या वर जो पिवळसर स्वच्छ द्रव उरतो त्याला रक्तरस किंवा सीरम म्हणतात. त्यात हजारो प्रकारची प्रथिने विरघळलेली असतात. कर्करोगाच्या मार्गाला लागलेली पेशी ह्या रक्तरसात दोन प्रकारांनी आपली खूण ठेवू शकते. पहिला प्रकार असा, की पेशी आपल्या अंगावरील एखाद्या प्रथिनाचा तुकडा नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात रक्तात टाकते. दुसरा प्रकार अधिक आडवळणाचा आहे. पेशीतील एखादे प्रथिन बिघडते, शरीराची संरक्षणयंत्रणा त्याला परके समजते, आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ही प्रतिपिंडेही प्रथिनेच असतात आणि ती रक्तरसात मोजता येतात. पहिल्या प्रकारात चोराने टाकलेली वस्तू हाती लागते, तर दुसऱ्या प्रकारात चोर दिसण्यापूर्वी गावच्या कुत्र्यांचे भुंकणे ऐकू येते.

दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे पी-५३ नावाचे प्रथिन. त्याचा शोध १९७९ साली निरनिराळ्या देशांतील अनेक प्रयोगशाळांत जवळजवळ एकाच वेळी लागला. प्रारंभी ते कर्करोगाला मदत करणारे प्रथिन आहे असे समजले गेले. दहा वर्षांनी, १९८९च्या सुमारास, वस्तुस्थिती नेमकी उलट असल्याचे उघड झाले. ज्या पेशीचे आनुवंशिक द्रव्य दुखावले आहे तिची वाढ थांबविणे, दुरुस्तीला वेळ देणे, आणि दुरुस्ती अशक्य असेल तर तिला मरण पत्करायला लावणे, हे पी-५३चे काम होय. ज्या जनुकावरून हे प्रथिन बनते त्या जनुकातच बिघाड झाला, म्हणजे प्रथिन निकामी होते. आणि निकामी झालेले हे प्रथिन लवकर नाहीसे न होता पेशीत साचू लागते. अशा साचलेल्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांच्या रक्तात १९८२ साली लंडनमध्ये प्रथम आढळली. तेव्हा साहजिकच प्रश्न निघाला. ही प्रतिपिंडे गाठ हाती लागल्यानंतरच सापडतात, की तिच्या आधीही?

ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी एक दुर्मिळ गोष्ट आवश्यक होती. आज आजारी असलेल्या माणसाचे, तो निरोगी वाटत असताना काढलेले रक्त हवे होते. ती गोष्ट फिनलंडमध्ये उपलब्ध झाली. त्या देशात पाक्किला येथे ॲस्बेस्टॉसची खाण १९१८ ते १९७५ पर्यंत चालली होती, आणि तेथील व्यवसाय-आरोग्य संस्था धुळीच्या विकारांच्या रुग्णांची दीर्घकाळ तपासणी करीत आली होती. रुग्णांच्या रक्तरसाचे नमुने गोठवून जपून ठेवलेले होते. शिवाय १९५०च्या दशकाच्या आरंभापासून देशभरातील कर्करोगाच्या रुग्णांची नोंद एका ठिकाणी होत होती. अमेरिकेतील पॉल ब्रँट-रॉफ आणि फिनलंडमधील शास्त्रज्ञ यांनी ह्या दोन गोष्टी एकत्र आणल्या. जपलेल्या नमुन्यांत त्यांनी वाढीला चालना देणाऱ्या काही प्रथिनांचा व त्यांच्या ग्राहक प्रथिनांच्या सुट्या झालेल्या तुकड्यांचा शोध १९९०च्या दशकात घेतला. पुढे २००५ साली त्यांनी ॲस्बेस्टोसिसच्या रुग्णांतील पी-५३च्या प्रतिपिंडांविषयीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ही प्रतिपिंडे ज्यांच्या रक्तात होती त्यांना पुढे कर्करोग होण्याचा संभव ती नसलेल्यांपेक्षा पुष्कळ अधिक होता; आणि काहींच्या बाबतीत ती निदानाच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात होती.

ह्या निष्कर्षाचे महत्त्व मोठे आहे. पण त्याची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. पुढे कर्करोग झालेल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे नव्हतीच. ती सापडली तर काळजीला जागा आहे. सापडली नाहीत तर निर्धास्त होता येत नाही. शिवाय ती सापडल्यावरही शरीरात नेमका कोठे शोध घ्यावा, हे ती सांगत नाहीत. कारण पी-५३चा बिघाड अनेक अवयवांच्या कर्करोगांत आढळतो.

फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगासाठी मात्र अधिक नेमकी खूण मिळेल असे वाटू लागले होते. ह्या आवरणाच्या पेशींच्या पृष्ठभागावर मेसोथेलिन नावाचे एक प्रथिन असते. मेसोथेलिओमाच्या पेशी ते पुष्कळ अधिक प्रमाणात बनवितात आणि त्याचे तुकडे रक्तात सुटतात. विटनूम ज्या राज्यात आहे त्याच राज्याच्या राजधानीत, पर्थ येथे, ब्रूस रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी ह्या रोगाचा अभ्यास करीत होते. त्यांनी २००३ साली जाहीर केले, की मेसोथेलिओमाच्या ४४ रुग्णांपैकी ३७ जणांच्या रक्तरसात ह्या तुकड्यांचे प्रमाण वाढलेले होते. त्याच लेखातील दुसरा भाग अधिक लक्षवेधक होता. ॲस्बेस्टॉसचा संबंध आलेल्या ४० व्यक्तींपैकी ७ जणांच्या रक्तरसात हे प्रमाण वाढलेले आढळले. त्या सातांपैकी तिघांना पुढे १ ते ५ वर्षांत मेसोथेलिओमा आणि एकाला फुप्फुसाचा कर्करोग झाला. उरलेल्या ३३ जणांपैकी पुढील ८ वर्षांत कोणालाही मेसोथेलिओमा झाला नाही.

एवढ्या लहान पाहणीतून एवढे स्वच्छ उत्तर निघाल्यावर जगभर आशा पालवली, हे स्वाभाविकच होते. पाठोपाठ इतर प्रथिनांचीही नावे पुढे आली. २००५ साली अमेरिकेत हार्वी पास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्टिओपाँटिन नावाच्या प्रथिनाकडे, आणि २०१२ साली फिब्युलिन-३ नावाच्या प्रथिनाकडे लक्ष वेधले. दोन्ही वेळा प्रारंभीचे आकडे उत्तम होते. दोन्ही वेळा इतर प्रयोगशाळांतील तपासण्यांत तेवढे यश आले नाही. ऑस्टिओपाँटिन हे शरीरात कोठेही दाह असला तरी वाढते. मेसोथेलिनचे प्रमाणही मूत्रपिंडांचे काम मंदावलेल्या माणसात वाढलेले दिसते. शिवाय मेसोथेलिओमाचा एक उग्र प्रकार असा आहे, की त्याच्या पेशी मेसोथेलिन जवळजवळ बनवीतच नाहीत. अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने २००७ साली मेसोथेलिनच्या चाचणीला मर्यादित मान्यता दिली, ती निदान झालेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यासाठी. निरोगी वाटणाऱ्या कामगारांतून पुढे आजारी पडणारे हुडकून काढण्यासाठी ती मान्यता नव्हती.

ह्या फरकाचे मर्म समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो, आणि तो प्रत्येकाने करून पाहण्यासारखा आहे. २०१२ साली १६ निरनिराळ्या पाहण्यांतील ४ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून मेसोथेलिनचा कस पाहण्यात आला. मेसोथेलिओमा नसलेल्या १०० जणांपैकी केवळ ५ जणांना चुकून दोषी ठरवील एवढी कडक मर्यादा ठेवली, तर रोगाच्या प्रारंभीच्या अवस्थेतील १०० रुग्णांपैकी ३२ जण ह्या चाचणीत पकडले जातात, असे दिसून आले. आता कल्पना करावी, की एखाद्या जुन्या कारखान्याच्या १,००० कामगारांची ही चाचणी घेतली आणि त्यांत रोगाचा प्रारंभ झालेले १० जण आहेत. त्या दहांपैकी सुमारे ३ जण हाती लागतील. उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी शंभरी ५ ह्या प्रमाणाने सुमारे ५० जणांनाही भीतीचा निरोप जाईल. म्हणजे ज्या ५३ जणांना बोलावून घेतले जाईल त्यांतील ५० जण विनाकारण बोलावलेले असतील. आणि ज्या ७ जणांना खरोखर रोग आहे त्यांना सर्व ठीक असल्याचे सांगून घरी पाठविले जाईल. रोग जितका विरळ, तितका हा हिशेब कठोर होत जातो. हा दोष केवळ चाचणीचा नव्हे. गवताच्या गंजीत सुई शोधताना हाताला काड्याच अधिक लागायच्या.

हा हिशेब सुधारण्याचे मार्ग शास्त्रज्ञांनी शोधले आहेत. एक मार्ग म्हणजे एकट्या प्रथिनावर विसंबून न राहता दोघा-तिघांची साक्ष घेणे. जर्मनीतील बोखुम येथील शास्त्रज्ञांनी ॲस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाचे वा त्याच्या आवरणाचे सौम्य विकार झालेल्या २,७६९ व्यक्तींचे रक्त वर्षानुवर्षे तपासले. त्यांतील ज्यांना पुढे मेसोथेलिओमा झाला त्यांचे निदानापूर्वीचे नमुने त्यांनी नंतर काढून पाहिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, निरोगी १०० जणांपैकी केवळ दोघांना चुकून दोषी ठरविणारी मर्यादा ठेवली असता मेसोथेलिनने २३ टक्के, कॅलरेटिनिन नावाच्या प्रथिनाने ३१ टक्के, आणि दोघांनी मिळून ४६ टक्के रुग्ण ओळखले. वरील हिशेबात हे आकडे घातले तर बोलावलेल्या सुमारे २५ जणांपैकी ४ ते ५ जण खरे निघतील. अर्थात निम्म्याहून अधिक रुग्ण तरीही सुटतील. निदानाची वेळ जसजशी जवळ येते तसतसे रक्तातील प्रमाण चढत जाते, असेही ह्या पाहणीत दिसले. त्यावरून दुसरा मार्ग सुचतो. माणसाची तुलना इतरांशी करण्याऐवजी त्याच्याच मागील वर्षाच्या रक्ताशी करावी. एखाद्याचे प्रमाण मुळातच चढे असू शकेल. परंतु पाच वर्षे स्थिर असलेले प्रमाण सहाव्या वर्षी चढू लागले, तर त्या चढण्याला अर्थ आहे. ह्यासाठी मात्र पाच वर्षांचे रक्त आणि पाच वर्षांची नोंद हाताशी असावी लागते.

चाचणी उत्तम ठरली असे क्षणभर धरले, तरी एक प्रश्न उरतोच. चाहूल लागली, तर पुढे काय करावयाचे? फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाबतीत ह्याचे उत्तर बऱ्यापैकी समाधानकारक आहे. गाठ लहान असताना सापडली तर शस्त्रक्रियेने ती काढून टाकता येते. २०११ साली अमेरिकेतील ५३ हजारांहून अधिक अतिधूम्रपान करणाऱ्यांच्या चाचणीत असे सिद्ध झाले, की अल्प किरणमात्रेच्या सीटी स्कॅनने नियमित तपासणी केलेल्यांत ह्या कर्करोगाने होणारे मृत्यू साध्या क्ष-किरण तपासणीच्या मानाने २० टक्क्यांनी घटले. ही चाचणी धुळीच्या कामगारांसाठी योजलेली नव्हती. तरी कोणाचे स्कॅन आधी आणि अधिक वेळा करावे हे ठरविण्यास रक्तातील प्रथिनांची मदत होऊ शकेल, असा तर्क त्यातून निघतो. शिवाय धूम्रपान सोडण्याचा सल्ला आहेच. ५३ आणि ५ ह्या दोन आकड्यांतील अंतर त्या सल्ल्याचे मोल सांगते. मेसोथेलिओमाच्या बाबतीत मात्र उत्तर अवघड आहे. शरीराची प्रतिकारशक्ती जागविणाऱ्या दोन औषधांच्या संयुक्त उपचाराने रुग्णांचे मध्यम आयुर्मान सुमारे १४ महिन्यांवरून १८ महिन्यांपर्यंत गेले, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. ही प्रगती खरी आहे. पण ती थोडी आहे. ज्या रोगावर उपाय अपुरा आहे त्याची वार्ता दोन वर्षे आधी देणे म्हणजे कित्येकदा आयुष्य न वाढविता केवळ चिंतेची मुदत वाढविणे होय. म्हणून अशी चाचणी माणसाच्या संमतीवाचून घेतली जाऊ नये, आणि तिचा अर्थ त्याला समजावून सांगितल्यावाचून त्याच्या हाती देऊ नये, ह्यावर विचारवंत डॉक्टरांचा भर असतो.

आणखी एक धोका आहे, आणि तो वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा आहे. रक्तातील एखादा आकडा वाढलेला दिसला म्हणून कामगाराला कामावरून दूर केले, किंवा तो वाढलेला दिसला नाही म्हणून त्याची नुकसानभरपाई नाकारली, तर जे साधन त्याच्या रक्षणासाठी निर्माण झाले तेच त्याच्यावर उलटेल. रक्ताची चाचणी कामगाराची असते; कारखान्याची हवा मात्र मालकाची असते. पहिलीकडे बोट दाखवून दुसरीकडे दुर्लक्ष करण्याचा मोह नेहमीच असतो.

भारतात ह्या सर्व विवेचनाला विशेष महत्त्व आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणींत १९४०च्या दशकात सात हजारांहून अधिक कामगारांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना सिलिकोसिस झाल्याचे आढळले होते. त्या खाणी २००१ साली बंद पडल्या. पण मंदसौरच्या पाटीपेन्सिली, खंबायतचे अकीक आणि ठिकठिकाणच्या दगडखाणी ह्यांतील धुळीने तोच इतिहास पुढे चालविला. पांढरे ॲस्बेस्टॉस अद्यापही परदेशांतून आणून त्याचे सिमेंटचे पत्रे बनविले जातात. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेने सीसी-१६ नावाच्या एका प्रथिनाच्या आधारे सिलिकोसिस लवकर ओळखण्याची रक्तचाचणी विकसित केली आहे. हे प्रथिन श्वासनलिकांच्या आतील पेशी बनवितात. धुळीने त्या पेशींना इजा झाली, म्हणजे रक्तातील त्याचे प्रमाण घटते. ही चाचणी कर्करोगाची नव्हे, फुप्फुसाला होत असलेल्या इजेची आहे. परंतु कर्करोगाची पूर्वसूचना ज्या मार्गाने मिळवावयाची, त्या मार्गाचे हे पहिले पाऊल म्हणता येईल. ह्या मार्गात भारतात एक जादा अडथळाही आहे. सिलिकोसिस झालेल्याला क्षयाची बाधा लवकर होते; क्षयाच्या दाहाने रक्तातील काही प्रथिने वाढतात; आणि छातीच्या चित्रातील छायाही एकमेकींसारख्या दिसतात. म्हणून परदेशात ठरलेल्या मर्यादा येथे जशाच्या तशा लागू करता येणार नाहीत. त्या येथील माणसांच्या रक्तावर पुन्हा पडताळून पाहाव्या लागतील.

त्यासाठी जे सर्वांत आधी हवे, ते कोणत्याही महागड्या यंत्राहून स्वस्त आहे. ते म्हणजे नोंद. अहमदाबादच्याच एका ग्राहक-संशोधन संस्थेने केलेल्या अर्जावर २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, त्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला गेला. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यविषयक नोंद नोकरीच्या आरंभापासून निदान ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जतन करावी, असा आदेश न्यायालयाने दिला. ॲस्बेस्टोसिस झाल्याचे प्रमाणित झालेल्या कामगारास १ लाख रुपये भरपाई देण्याचाही त्या निकालात आदेश होता. ४० वर्षे हा आकडा रोगाच्या मधल्या काळाशी किती जुळतो, हे सांगावयास नको. फिनलंडमधील शोध ज्या बळावर लागला ते बळ हेच होते. एका माणसाचे जुने रक्त, त्या माणसाच्या कामाची नोंद, आणि पुढे त्याचे काय झाले ह्याची नोंद, ह्या तिन्ही गोष्टी एकमेकींना जोडता आल्या. भारतातील दगडखाणीत काम करणारा मजूर अनेकदा हंगामापुरता येतो, मुकादमाच्या वहीत त्याचे पूर्ण नावही नसते, आणि आजारी पडल्यावर तो आपल्या गावी परततो. त्याचे रक्त तपासले तरी तो आकडा जोडावयाचा कशाला, हा प्रश्न उरतो.

रक्तातील प्रथिनांच्या अभ्यासाने आजवर एक गोष्ट निःसंशय दाखविली आहे. धुळीचा कर्करोग एकाएकी होत नाही. तो वर्षानुवर्षे घडत असतो, आणि त्या घडणीच्या काही खुणा रक्तात आधीपासून उमटतात. त्या खुणा अद्याप पुसट आहेत. एकट्या खुणेवरून कोणा एका माणसाचे भवितव्य सांगणे आज शक्य नाही. अनेक खुणा, वारंवार तपासणी आणि जपून ठेवलेल्या नोंदी ह्यांच्या आधारे ते काही अंशी शक्य होईल, अशी अपेक्षा बाळगण्यास जागा आहे. दरम्यान जे आजच शक्य आहे ते करावयाचे राहू नये. दगडाला भोक पाडताना पाण्याची धार सोडली तर धूळ उडत नाही. यंत्राच्या तोंडाशी शोषक पंखा बसविला तर ती श्वासात जात नाही. आणि ॲस्बेस्टॉसचा वापर फिनलंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया इत्यादी अनेक देशांनी पूर्वीच बंद केला आहे. आज फुप्फुसात शिरलेल्या तंतूचा हिशेब आणखी तीस-चाळीस वर्षांनी कोणाच्या तरी रक्तात शोधावा लागेल. तो शोधणाऱ्यांचे काम हलके करावयाचे असेल, तर आजच्या कामगारांची नावे, त्यांची कामे आणि त्यांच्या तपासण्या आजच नीट लिहून ठेवल्या पाहिजेत, आणि त्यांच्या श्वासात जाणारी धूळ आजच अडविली पाहिजे.